तिने नाव घेतलं नव्हतं

१४ जून. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती आणि त्यानंतर जिल्ह्याचं पथक पाहणीला येणार होतं, म्हणून समुपदेशन कक्षातली तांदळाची पोती बाहेर काढायची होती. हेडसर मीटिंगला महाडला गेलेले. शिपाई बंडूमामा आणि मी, दोघंच. पोषण आहाराची पोती, मोडके बाक, गॅदरिंगचे पुठ्ठ्याचे मुकुट, आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकवलेल्या, वरचं प्लास्टिकही न काढलेल्या खुर्च्या. प्लास्टिक उंदरांनी कुरतडलेलं. मी झाडू मारला, फिनेल ओतलं.

"बाई, ह्या खोलीत कोन कदी बसलंच नाय," बंडूमामा म्हणाला. "येवडी चांगली खोली."

खोली खरंच चांगली आहे. दोन खिडक्या, समोर डोंगर. दारावर गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाची संगमरवरी पाटी. ही खोली शाळेला सुनंदा उतेकरमुळे मिळाली. पाहणीलाही तीच येणार होती, आता जिल्ह्याची प्रशिक्षक म्हणून, आणि हेडसरांनी मला तिच्याविषयी चार चांगले शब्द लिहून ठेवायला सांगितले होते. स्वागताच्या वेळी वाचायला. ते मी लिहिले, त्यात काही खोटं नाही. जे त्यात बसलं नाही ते इथे लिहिते.

सुनंदा आमच्याकडे मराठी शिकवायला आली, ती आल्या आल्या लक्षात राहिली ती पायांमुळे. इस्त्रीची साडी आणि खाली पुरुषी स्पोर्ट्‌स शूज. महाडहून पहिल्या एसटीने यायची, फाट्यावर उतरून शाळेपर्यंतचा चढ भराभर चढायची आणि आम्ही बाकीच्या धापा टाकत पोचेपर्यंत तिचा पहिला चहा झालेला असायचा. पर्समध्ये एक काळी डबी, तिच्यात मीठ लावलेली आमसुलं. एखादं मूल रडायच्या बेतात दिसलं की त्याच्या हातावर एक आमसूल ठेवायची. "चोख आधी. तोंड आंबट झालं की रडू मागं जातं, मग बोलू." बऱ्याचदा मग बोलायची गरजच पडत नसे.

आणि नकला. स्टाफरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत सगळे तिच्याभोवती जमायचे. आमचे जुने हेडसर मोठ्या साहेबांचा फोन आला की खुर्चीतून उठून उभे राहायचे आणि फोनलाच वाकून हो सर, हो सर करायचे. सुनंदा डबा हातात धरून ते करायची, आणि दारातून खरे हेडसर आत आले तरी थांबायची नाही; उलट त्यांच्याकडे बघून आणखी एकदा वाकायची. तेही हसायचे. पोलादपूरच्या एसटीचा एक कंडक्टर, शाळा तपासायला येणारे एक साहेब, शेवया विकायला येणारी एक बाई, सगळी तिच्यात राहायला होती. नुसता आवाज काढून ती थांबत नसे. माणूस वाक्यात कुठे अडतो, कुठे श्वास घेतो, कुठला शब्द गिळतो, ते सगळं उचलायची. माझीही करायची. "कळलं? कळलं नसेल त्यांनी हात वर. कोणीच नाही? म्हणजे कोणालाच कळलं नाही." भूमिती शिकवताना मी अशी बोलते हे मला तिच्याकडूनच समजलं.

मुलांच्या मनाचं काम तिच्या गळ्यात पडलं ते योगायोगाने. तळीयेची दरड कोसळली त्याच्या पुढच्या वर्षी प्रत्येक शाळेतून एका शिक्षकाला मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणाला पाठवायचा आदेश निघाला. मी गणिताची म्हणून सुटले. सुनंदा तीन दिवस जाऊन आली आणि येताना एक पत्र्याची पेटी घेऊन आली. पेटीवर लिहिलेलं, 'मनातलं बोला'. मुलांनी चिठ्ठ्या टाकायच्या, शिक्षकांनी वाचायच्या. पेटी व्हरांड्यात टांगली. महिनाभराने उघडली तेव्हा आत खिचडीत मीठ कमी असल्याची एक तक्रार, बडीशेपेची रिकामी पुडी आणि एक मेलेली पाल निघाली.

"एवढंच यांच्या मनात आहे का?" मी म्हटलं.

"मनात बरंच असेल गं. पेटी व्हरांड्यात आहे, आणि व्हरांड्यात सगळ्यांची अक्षरं सगळ्यांना माहीत आहेत."

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर ती वरच्या वाडीतल्या मुलांबरोबर चालत निघाली, आणि काय बघायचंय ते न सांगता मलाही ओढून नेलं. आमची निम्मी मुलं वाड्यांवरून येतात. ओढा, त्यावरचा लाकडी साकव, मग चढ, मग पठार, मग पुन्हा चढ. रानातून चालताना इथे एक रीत आहे, कोणी शिकवत नाही, सगळे पाळतात: घोळक्यातलं एक जाणतं माणूस सगळ्यात मागे राहतं. लहान मागे पडू नये, कोणाचं पाऊल घसरलं तर कोणीतरी पाठीशी असावं म्हणून. आमच्या पुढे मुलं चालली होती आणि सगळ्यात मागे आमच्याच नववीतली प्रतीक्षा. तिच्याजवळ सहावीतला एक मुलगा रेंगाळत होता आणि चढावर, धापा टाकत, तिला सांगत होता की त्याचा बाप मुंबईहून आला की रात्री त्याला झोप येत नाही. प्रतीक्षा काही विचारत नव्हती. मधेच म्हणाली, "हितं दगड हाय, बग." तो दगड ओलांडून पुन्हा बोलू लागला.

सुनंदा थांबली. माझा हात धरून म्हणाली, "बघ पवार. वर्गात हा तोंड उघडत नाही. दम लागला की माणसाला खोटं सुचत नाही."

सोमवारी तिने पेटी उतरवली. गट केले ते इयत्तांचे नाहीत, वाटांचे केले. एका वाटेचा एक गट, आणि त्या गटाचा मागून चालणारा मुलगा किंवा मुलगी तिचा माणूस. दर शुक्रवारी ती या मागच्यांना घेऊन पिंपळाखाली बसायची. सल्ला द्यायचा नाही, हसायचं नाही, आपली गोष्ट मधे घालायची नाही. वाटेवरचं साकवाच्या अलीकडे, शाळेत, आणायचं नाही. जड वाटलं, कोणाच्या जिवाची भीती वाटली, तर बाईंना सांगायचं. पण त्याआधी ज्याचं आहे त्याला विचारायचं, सांगू का? तो नाही म्हणाला तर? एका मुलाने विचारलं. "तर त्याला सांगायचं, मला एकट्याला हे उचलत नाही, तू चल बरोबर. पण गुपचूप येऊन नाही सांगायचं. गुपचूप सांगितलं की ते मूल पुन्हा कधी बोलणार नाही, आणि बाकीचेही बघून शहाणे होतील." हे तिचेच शब्द आहेत.

काम किती चाललं हे एकाच मुलावरून सांगते. सातवीत एक मुलगा होता, त्याचं घर डोंगराच्या अगदी पोटाला. पाऊस लागला की तो वर्गात दप्तर पाठीवर घेऊनच बसायचा. चप्पल काढायचा नाही. नजर खिडकीतून डोंगरावर. वही कोरी. मी ओरडून पाहिलं, दुसऱ्या सरांनी बाकावर उभं करून पाहिलं. मग एक दिवस तो वही भरून लिहिताना दिसला. शेजारी त्याच वाटेवरचा, आठवीतला मुलगा खिडकीकडे तोंड करून बसलेला. मी त्याला विचारलं, तू सातवीच्या वर्गात काय करतोस?

"बाई, तो लिवतो, मी डोंगराकडं बगतो. मंग मी जातो, दुसरा येतो."

त्यांनी आपसात पाळ्या लावल्या होत्या. सुनंदाला हे त्यांनी नंतर सांगितलं, माझ्याआधी तिलाही ठाऊक नव्हतं. मी आठवीच्या वर्गशिक्षकांना समजावलं आणि त्या पावसाळ्यात कोणी काही बोललं नाही. श्रावणात त्याने दप्तर खाली ठेवलं. सुनंदाने ही गोष्ट ऐकली तेव्हा स्टाफरूममध्ये तोंड फिरवून बसली आणि बराच वेळ आमसूल चोखत राहिली.

म्हणून मी तिच्याबरोबर होते. दोन वर्षं रविवार-सुट्ट्या धरून वाटा चालले. माझ्या घरच्यांना वाटायचं मला हे या वयात लागलेलं खूळ आहे. एकदा चढावर मीही तिला एक गोष्ट सांगितली, जी कोणाला सांगितली नव्हती. ती काय हे लिहिण्याचं इथे कारण नाही. तिने ऐकलं, एवढंच म्हणाली, "हं. चल."

निकिता आठवीत होती. वरच्या वाडीची, प्रतीक्षाच्याच वाटेवरची. तिची बोलायची एक ढब होती; वाक्य सुरू करायच्या आधी श्वास आत ओढायची, "मंग काय गो," म्हणायची, आणि वाक्य संपलं की हळूच "असा हाय" जोडायची. सगळ्या गावात तसं बोलणारी ती एकटी. बाप सुरेश मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये. आई अलका घरी. शाळेत कधी आई भेटायला आली नाही, तर निकिता म्हणायची आई रानात गेलीय. पालकसभेला रानात, तपासणीला रानात. एवढं रान कुणी करत नाही.

प्रतीक्षाला वाटेवर कळलं. अलका चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. उठायची नाही, बोलायची नाही, भाकरी समोर ठेवली तर ठेवलेल्या जागी वाळायची. निकिता स्वयंपाक करून, आईला पाणी पाजून, शेरडांचं बघून शाळेत यायची. बापाला फोनवर सांगायची आईचा मणका दुखतोय. बापानेही तिकडे भावकीत तेच सांगितलं होतं. प्रतीक्षाने विचारलं, बाईंना सांगू का? निकिता आठवडाभर नाही म्हणाली. मग एके दिवशी स्वतःच म्हणाली, "सांग. पन तू बरोबर ये."

सुनंदाने काय केलं ते मी जवळून पाहिलंय आणि त्यात उणं काढणार नाही. अलकाच्या घरी जाऊन ओटीवर बसायची. काही विचारायची नाही. तिथे बसून कुळीथ निवडायची. चौथ्या-पाचव्या खेपेला अलका आतून म्हणाली, "खडे ऱ्हायलेत त्यात." एवढंच. पण पुढच्या वेळी ती बाहेर येऊन खांबाला टेकली, आणि त्यानंतर सुनंदाने तिला महाडला नेलं. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांचे डॉक्टर ठरलेल्या वारी येतात. गोळ्या सुरू झाल्या. दिवाळीला अलकाने फराळाची चूल पेटवली. निकिता वर्गात पहिल्यांदा झोपली, गाढ, बाकावर डोकं ठेवून, आणि मी तिला उठवलं नाही.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत मुंबई मंडळाचं स्नेहसंमेलन आलं. इथली गावं मुंबईत राहतात म्हटलं तरी चालेल. देवळाचा पत्रा, शाळेचा संगणक, रस्त्याचा अर्ज, सगळं मंडळाच्या सभेत ठरतं. हेडसरांच्या मनात आलं, शाळेला समुपदेशनाची खोली मागावी. सुनंदा, मी आणि सर असे गेलो. उपनगरातला एक हॉल. वर स्टेज, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, एका बाजूला जेवणाची टेबलं मांडलेली. हळदीकुंकू, दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार, मंडळाच्या हिशोबावरून थोडी वादावादी, आणि मग आम्ही. तोवर मसालेभाताचा वास सुटला होता आणि माणसं खुर्चीत वळवळायला लागली होती.

हेडसर बोलले, कोणी ऐकलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "सर, खोली देऊ. पण पोरांना मनाचा आजार कसला? आमच्या टायमाला मास्तर दोन छड्या द्यायचा, मन जाग्यावर." हॉल हसला.

सुनंदा उठली. पहिली दोन वाक्यं प्रशिक्षणातली होती. मागच्या रांगेतून दोघं जेवणाकडे सरकले. मी तिच्याकडे बघत होते. माणसं हातातून निसटताहेत हे तिला कळलं आणि तिने पदर खोचला. स्टाफरूममध्ये नक्कल सुरू करायच्या आधी ती असाच पदर खोचायची.

"एक मुलगी आहे," ती म्हणाली. "नाव सांगत नाही. गावही सांगत नाही."

आणि तिने श्वास आत ओढला.

"मंग काय गो. आय भितीकडं तोंड करून ऱ्हाते. मी म्हनते, आय, भाकर खा. ती बोलतच नाय. मी सगल्यांना सांगते रानात गेलीय. असा हाय."

जेवणाकडे निघालेले होते तिथे थांबले. सुनंदा बोलत होती, आणि माइकमधून निकिता बोलत होती. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईने शेजारणीच्या मांडीवर हात ठेवला. "गो, ही अलकाची पोर." शेजारीण म्हणाली, "शू." मग तिने मान वळवून मागे बघितलं, आणि तिच्याबरोबर आणखी चार माना वळल्या. मीही बघितलं. जेवणाच्या टेबलामागे, मंडळाचा बिल्ला लावून, बुंदीची परात हातात धरून सुरेश उभा होता. आपल्या मुलीचा आवाज ऐकत होता. परात त्याने खाली ठेवली नाही. तशीच धरून उभा राहिला.

खोली मंजूर झाली. अध्यक्षांनी डोळे पुसले आणि पाटीचा खर्चही दिला. टाळ्या पडल्या तेव्हा सुरेश तिथे नव्हता.

परतीच्या गाडीत हेडसर पुढे झोपले. मी म्हटलं, "सुनंदा, निकिताला विचारलं होतंस?"

"कशाबद्दल?"

"आज जे सांगितलंस त्याबद्दल."

"मी नाव घेतलं नव्हतं."

"तू तिचा आवाज काढलास. तिथे अर्धी वाडी बसली होती."

"पवार, मी नाव घेतलं नव्हतं," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली. वडखळ मागे पडल्यावर म्हणाली, "शंभर मुलांचं भलं होईल त्या खोलीने."

मी वाट बघितली. मला वाटलं, दोन दिवसांत शांत होईल, वाडीवर जाईल, अलकासमोर आणि निकितासमोर बसेल. ती गेली असती तर काय झालं असतं मला ठाऊक नाही, पण ती गेलीच नाही. त्याच आठवड्यात सुरेश आला. बायकोशी भांडला नाही, पोरीला मारलं नाही. फक्त म्हणाला, लोक मला विचारतात बायको वेडी झाली का, आणि निकिताला मुंबईला आपल्या बहिणीकडे घेऊन गेला. "आई बरी झाली की पाठवतो." आत्याला दोन लहान मुलं आहेत, ती सांभाळायला निकिता. आठवीची परीक्षा राहिली. अलकाने महाडला जाणं सोडलं, कारण एसटीतल्या सगळ्यांना आता ठाऊक होतं ती कुठे चाललीय. औषध तुटलं. औषध नाही म्हणून आई बरी नाही, आणि आई बरी नाही म्हणून पोरगी येत नाही, असं ते अडकून बसलं.

निकिता गेली त्या शुक्रवारी प्रतीक्षा स्टाफरूमच्या दारात आली. मी वह्या तपासत होते. तिने सुनंदाला बाहेर बोलावलं नाही, सगळ्यांसमोर विचारलं.

"बाई, मी तुमाला सांगायच्या आदी तिला विचारलं व्हतं. तुमी विचारलंत?"

सुनंदा म्हणाली, "प्रतीक्षा, कधीकधी मोठ्या कामासाठी..."

"विचारलंत का, एवडंच."

सुनंदाने डबी उघडली, एक आमसूल काढलं आणि तिच्यापुढे धरलं. प्रतीक्षाने हात पुढे केला नाही. "मी आता पुडं चालते बाई," म्हणाली आणि गेली.

ती दहावीच्या परीक्षेपर्यंत वाटेवर सगळ्यांच्या पुढे चालली, भराभर. बाकीच्या वाटांवरच्या मागच्यांनीही शुक्रवारचं येणं एकेक करून बंद केलं. पिंपळाखाली शेवटच्या शुक्रवारी सुनंदा आणि मी अशा दोघीच बसलो होतो. ती म्हणाली, "परीक्षा जवळ आल्यात ना, म्हणून." जूनमध्ये तिला जिल्ह्याच्या कामावर घेतलं. तिचं काम आता पुस्तिकेत छापून आलंय, वाटांच्या चित्रासकट, आणि इतर तालुक्यांत चालतंही म्हणे. चालत असेल. पद्धत चांगलीच होती.

मी मात्र तेव्हापासून एका भीतीत राहिले. चढावर सांगितलेली माझी गोष्ट तिच्याकडे आहे. कुठल्या तरी हॉलमध्ये, नाव न घेता, ती माझा आवाज काढून "कळलं? कळलं नसेल त्यांनी हात वर" म्हणेल आणि पुढे ते सांगेल. अशी भीती मला कोणत्याही परक्या माणसाची कधी वाटली नाही.

तर १४ जूनला फरशी वाळत होती आणि गेटात गाडी थांबली. सुनंदाच. पाहणी अजून व्हायची होती; ती आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एका शाळेत निघाली होती, म्हणाली जाता जाता डोकावते. पायात सँडल होत्या. केस रंगवलेले. बंडूमामाला मनापासून आनंद झाला. त्याने खुर्ची पुसली, पाणी आणलं आणि म्हणाला, "बाई, जुन्या हेडसरांचा फोन करून दाखवा की येकदा."

ती हसली. "विसरले बंडूमामा."

"आसं कसं? बरं, कंडक्टर करा."

"नाही येत आता," ती म्हणाली आणि पदर सारखा केला.

एप्रिलमध्ये महाडच्या प्रशिक्षणात मी तिला ऐकलं होतं. निकिताची गोष्ट ती अजून सांगते. 'एका दुर्गम वाडीतील विद्यार्थिनी, तिची माता नैराश्याने ग्रस्त.' सरळ, सपाट, वर्तमानपत्र वाचावं तशी. मागचे मास्तर मोबाइल बघत होते. तेव्हा मला वाटलं होतं, दमली असेल. बंडूमामासमोर तिने पदर सारखा केला तेव्हा कळलं. असला गळा कोणी विसरत नाही. तिने तो त्या हॉलनंतर बंद केला होता. म्हणजे त्या दिवशी काय झालं ते तिला पुरतं समजलं होतं, गाडीत माझ्याशी बोलतानाही समजलं होतं. इतके दिवस मी तिला मनात एक सूट देत आले होते, की तिच्या लक्षातच आलं नसेल. त्या दुपारी ती सूट मी काढून घेतली.

"सुनंदा," मी म्हटलं, "अलकाकडे चल. आत्ता घरी असेल."

"कशाला?"

"तिचं औषध बंद आहे. पहिल्यांदा तुझ्याबरोबरच गेली होती, तुझं ऐकेल. आणि नाही ऐकलं तरी चल."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. "घाटात धुकं उतरतं गं. उजेडात पोचायला हवं." मग पर्स उघडली. "समुपदेशकाचा नंबर देते. फोनवर बोलतात, फुकट आहे."

"वाडीत रेंज धड टिकत नाही. तू कितीदा गेलीयस तिथे."

बंडूमामा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेला. त्याला कळतं कधी जायचं ते.

"मी नाव घेतलं नव्हतं, पवार."

"हो," मी म्हटलं. "तेवढंच राखून ठेवलंस."

तिने मोबाइल काढून खोलीचे फोटो घेतले. मी मधे येत होते, म्हणून "जरा बाजूला हो" म्हणाली, मी झाले. मग गाडीत बसली. ड्रायव्हरने गाडी वळवून घाटाच्या रस्त्याला लावली. मी गेटात उभी होते. मागच्या काचेतून तिचं डोकं दिसत होतं, खाली झुकलेलं. वळण येईपर्यंत ती फोटो बघत होती.

खोलीला कुलूप लावून मी तशीच वर वाडीला गेले. अलका अंगणात सरपण झाकत होती. बारीक झालीय. मी ओटीवर बसले आणि सरळ विचारलं, उद्या महाडला येतेस का, डॉक्टरांचा वार आहे.

"येष्टीत बायका बगतात, बाई."

"बघू देत. मला बीपीच्या गोळ्या आणायच्यात, मलाही बघतील."

"तुमची बीपी येगळी."

"गोळीच ना. तीही रोज घ्यावी लागते, हीही."

तिने सरपणावर फाटका ताडपत्रीचा तुकडा ओढला, वर दगड ठेवले. मग म्हणाली, "निकीचा फोन आला व्हता परवा. इचारीत व्हती, आय, उठतेस का गो सकालची." मी आग्रह केला नाही. पहिली गाडी फाट्यावर किती वाजता येते ते सांगितलं आणि उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या पहिल्याच दिवशी, मी हेडसरांना रजेचा मेसेज टाकला आणि फाट्यावर जाऊन उभी राहिले. अलका माझ्याआधी आलेली होती, धुतलेलं लुगडं, हातात पिशवी. एसटी भरलेली होती. आम्हाला शेवटच्या बाकाच्या पुढे जागा मिळाली. कंडक्टर आला तसे मी पैसे पुढे केले, तर तिने माझा हात बाजूला केला.

"माजं मी काडते."

"कुठं?" कंडक्टरने विचारलं.

"म्हाड," ती म्हणाली. आणि कोणी विचारलं नसताना, चांगल्या मोठ्याने, "मनाच्या डाक्टरकडं."

मागच्या दोन बायकांचं बोलणं थांबलं. अलकाने तिकीट घडी करून कमरेला खोचलं आणि समोर बघत बसली. मी माझं एक तिकीट काढलं.